वहिनींचे फोटो आणि दुकानातील लिनक्स

थोरल्या बंधूंच्या निधनानंतर वहिनींनी त्यांचा डिजिटल कॅमेरा माझ्या हाती ठेवला. म्हणाल्या, "भाऊजी, कुंभोजच्या यात्रेचे फोटो यातच आहेत. तेवढे काढून द्या." कॅमेऱ्यासोबतची सीडी केव्हाच हरवलेली. घाटकोपरच्या दुकानातील संगणकावर आता लिनक्स आहे. विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपले, तेव्हा धडधाकट संगणक भंगारात देण्याऐवजी पुतण्याने त्यावर लिनक्स मिंट बसविले. व्यापाऱ्याला शोभेल असाच निर्णय!

सीडीची गरज पडलीच नाही. लिनक्समध्ये कॅमेऱ्याशी संवाद साधण्याचे काम 'जीफोटो' ही मुक्त प्रणाली करते. अडीच हजारांहून अधिक कॅमेरे ती ओळखते. यूएसबी केबल जोडून कॅमेरा सुरू करताच फाइल्सच्या खिडकीत तो दिसू लागला. मात्र फोटो उतरविण्यासाठी 'डिजिकॅम' उघडले, तर जोडणी होईना. पुतण्या नवी केबल आणावयास निघाला. दोष केबलचा नव्हता. एकच खातेवही दोन कारकुनांना हवी असावी, तसा हा प्रकार होता. फाइल्सच्या खिडकीने कॅमेरा आधीच ताब्यात घेतला होता. तिच्यातील कॅमेऱ्याच्या नावापुढची 'बाहेर काढा' ही खूण दाबली, केबल तशीच राहू दिली, आणि डिजिकॅमला कॅमेरा मिळाला.

"काका, उतरवून लगेच पुसून टाकू या," पुतण्या म्हणाला. मी नकार दिला. बँकेत जुळणी झाल्याशिवाय दिवस बंद होत नसे. कॅमेऱ्यात ४१२ फोटो होते; संगणकात २३७ आले आणि जुन्या बॅटरीने मान टाकली. ती पूर्ण भारित करून उरलेले उतरविले, आकडा जुळला, काही फोटो उघडून पाहिले, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मूळ फोटो अजूनही कार्डावर आहेत. ज्यांच्या कॅमेऱ्याची बॅटरीच निकामी झाली असेल, त्यांनी केबलचा नाद सोडावा. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालावे आणि त्यातील 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर संपूर्ण उतरवून घ्यावा.

वहिनींनी सारे फोटो सावकाश पाहिले. बंधू त्यांत कोठेच नाहीत, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हाती असे. एका फोटोत तेवढी डोंगराच्या पायऱ्यांवर त्यांची सावली पडली आहे. तो फोटो मोठा करून आणावयास त्यांनी मला सांगितले.