पऱ्हाटी पेटवू नका, तिचा कोळसा कोंबडीखतात मुरवा



कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या शेतात ठेवायच्या नाहीत, फरदड घ्यायची नाही, हे गुलाबी बोंडअळीने आपल्याला चांगलंच शिकवलं आहे. पण उपटलेल्या पऱ्हाट्यांचं पुढे काय होतं? बहुतेक गावांत बांधावर ढीग लागतो आणि ढिगाला काडी. त्यानंतर खरिपाच्या तयारीसाठी कोंबडीखताच्या गाड्या यायला लागतात. या दोन गोष्टींची सांगड घाला, एवढंच आमचं आवाहन आहे. पऱ्हाटीचा बायोचार, म्हणजे कमी हवेत भाजलेला कोळसा, करा आणि तो कोंबडीखत कुजवताना त्यात मिसळा.

कोंबडीखत वाईट आहे, असं कुणी समजू नये. गोठे रिकामे होत चालले, शेणखत मिळेनासं झालं, तेव्हा याच खताने अनेकांची जमीन सांभाळली. मात्र त्यातून नत्र-स्फुरदाबरोबर आणखी काही शेतात येतं, ते माहीत असायला हवं. कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात वाढीसाठी तांबं आणि जस्त मिसळतात. पक्ष्याच्या अंगी त्यातलं थोडंच लागतं, बाकीचा मोठा भाग विष्ठेतून बाहेर पडतो. खाद्यातल्या फॉस्फेटच्या क्षारांबरोबर थोडं कॅडमियमही येऊ शकतं. काही देशांत तर खाद्यात आर्सेनिकयुक्त औषधही देत असत. अमेरिकेत अशा एका औषधाची विक्री 2011 साली थांबवावी लागली.

खत कुजवलं की हे धातू जातील, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. कुजताना काडीकचरा आणि विष्ठा यांतला कर्ब वायू होऊन उडतो, पाणी आटतं, ढीग खाली बसतो. धातू मात्र कुजत नाहीत आणि उडतही नाहीत. म्हणून तयार खताच्या एका किलोत ते कच्च्या खतापेक्षा जास्त भरतात.

आता घाबरून जायचंही कारण नाही. आपल्या पुष्कळ जमिनींत जस्ताची कमतरता आहे आणि थोडं जस्त पिकाला हवंच असतं. विदर्भ-मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनी धातूंना बऱ्यापैकी धरून ठेवतात. काळजी आहे ती वर्षानुवर्षं त्याच रानात कोंबडीखत ओतणाऱ्यांची, बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं तांबं आधीच पडत आलेल्या द्राक्षबागांची, पालकासारखा भाजीपाला घेणाऱ्यांची आणि कोकणातल्या आम्ल तांबड्या जमिनींची. आम्ल जमिनीत धातू सहज विरघळतात. त्यातलं कॅडमियम पालेभाजी चटकन उचलते आणि ते ताटापर्यंत येतं.

इथे बायोचार कामाला येतो. कमी हवेत भाजलेल्या काडीच्या कोळशाला असंख्य बारीक छिद्रं असतात. त्याच्या पृष्ठभागावर धातूंचे कण चिकटतात. कोळसा अल्कधर्मी असतो, त्यातल्या कार्बोनेट-फॉस्फेटशी जुळून शिशासारखे धातू न विरघळणाऱ्या रूपात बसतात. धातू खतातच राहतात, पण मुळांना सहज मिळत नाहीत. तांबं आणि शिसं तो चांगलं धरतो, जस्त त्यामानाने कमी. शिवाय अमोनिया कमी उडतो, म्हणजे वासही कमी आणि नत्राची नासाडीही कमी.

बायोचार करायला कारखाना लागत नाही. वर रुंद, खाली निमुळता असा खड्डा खणा. काड्या कडक वाळलेल्या हव्यात. तळाशी जाळ धरला की पातळ थर टाका, त्यावर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर. वरची ज्योत खालच्या थराला हवा मिळू देत नाही, म्हणून खाली राख न होता कोळसा राहतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवा. आत निखारा राहिला तर पोत्यात भरलेला कोळसा रात्री पुन्हा पेटतो, म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत तो उघड्यावर, गंजीपासून लांब ठेवा. वाळलेल्या काडीच्या साधारण पाचव्या भागाइतका कोळसा हाती येतो. तुराट्या चालतात, बांबू चालतो. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक त्यात कधीही घालू नका. त्यातूनच नवे धातू आणि विषारी पदार्थ येतील.

कोळसा ओला करून हरभऱ्याच्या दाण्याएवढा कुटा. कुटताना नाकाला फडकं बांधा. खताच्या कोरड्या वजनाच्या 5 ते 10 टक्के, म्हणजे टनाला 50 ते 100 किलो, एवढं प्रमाण पुरे. तो ढीग लावतानाच मिसळा, शेवटी वरून पसरू नका. कोंबडीखतात नत्र फार असतं, म्हणून पाचट किंवा वाळका पाला घाला. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि पाणी गळू नये, इतकी ओल ठेवा. दर पंधरवड्याला पलटी द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेला ढीग पेरणीपर्यंत तयार होतो.

याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. बायोचार धातूला अडकवतो, नाहीसं करत नाही. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे जस्त 1000, तांबं 300, शिसं 100, आर्सेनिक 10 आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. मुळातच याच्या फार वर गेलेलं खत कोळसा घालून चांगलं होत नाही, ते शेतात नेऊच नका. आर्सेनिकवर तर भरवसा ठेवूच नका, कारण अल्कधर्मी कोळशाने ते उलट सुटूही शकतं. आणि बायोचार घातला म्हणून दर हंगामाला दुप्पट खत टाकायची मुभा मिळत नाही.

म्हणून खत घेताना फक्त भाव विचारू नका. कोणत्या फार्मचं, कोणतं खाद्य, तपासणी झाली आहे का, हेही विचारा. मृदा आरोग्य पत्रिकेत तांबं आणि जस्त किती आहे ते बघा. जिथे ते आधीच भरपूर आहे, त्या रानाला कोंबडीखताची विश्रांती द्या. पोल्ट्रीवाल्यांनाही विनंती आहे: खाद्यात गरजेपुरतेच क्षार घाला. जे कोंबडीच्या अंगी लागत नाही, त्याचे पैसे तुमचेच जातात आणि ओझं जमिनीवर पडतं.

या उन्हाळ्यात एवढं करून बघा. दोन ढीग लावा, एकात बायोचार घाला, दुसरा नेहमीसारखा ठेवा. तयार झाल्यावर दोन्हींचे नमुने कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने प्रयोगशाळेत द्या. एकूण धातू किती आणि पिकाला उपलब्ध किती, हे दोन्ही आकडे मागा. एकट्याला खर्च जड जात असेल तर गटाने मिळून द्या आणि आलेला अहवाल गावात सगळ्यांना दाखवा.