‘लवकरच’ या शब्दाविरुद्ध

गेल्या कोजागरीला आमच्या मंडळाच्या बैठकीत भुयारी रेल्वेचा विषय निघाला आणि एका वयोवृद्ध निवृत्त अधिकाऱ्यांनी आपला निकाल ऐकविला. ते म्हणाले, “खाली अभियंते जीव धोक्यात घालून खणत होते आणि वर ही मंडळी अड्ड्यावर बसून अफवा पिकवीत होती. कोलकात्याच्या लोकांस धीर म्हणून नाही.” बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हीही गप्प राहिलो. मोठ्यांपुढे बोलू नये ही कचेरीतली सवय मसाल्याच्या दुधाबरोबरही सुटत नाही. परंतु घरी आल्यावर ते मौन आम्हांस बोचू लागले. म्हणून हे चार शब्द.

प्रथम धीराचाच हिशेब करू. या शहरातील पहिल्या पाताळरेलची कोनशिला २९ डिसेंबर १९७२ रोजी बसली. पहिली गाडी धावली ती २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, आणि तीही एस्प्लनेड ते भवानीपूर एवढ्या साडेतीन किलोमीटरांच्या आतल्या टप्प्यावर. दमदम ते टॉलीगंज हा मार्ग सलग व्हावयास १९९५ उजाडले. रस्ता वरून उकरावयाचा, खाली काँक्रीटची पेटी बांधावयाची आणि मग झाकावयाचा, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे चौरंगीसारखा राजरस्ता वर्षानुवर्षे उघडा पडून होता. दुसरा मार्ग हावडा मैदान ते सॉल्ट लेकचा सेक्टर फाइव्ह, लांबी सुमारे साडेसोळा किलोमीटर. त्याची कोनशिला फेब्रुवारी २००९ मध्ये बसली, मुदत २०१४ ची सांगण्यात आली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी धावली ती २२ ऑगस्ट २०२५ रोजी. दोन मार्गांपायी एकोणचाळीस वर्षे वाट पाहणाऱ्या शहरास अधीर म्हणावयाचे असेल, तर धीर कशास म्हणावे हे त्या अधिकाऱ्यांनीच एकदा सांगावे.

आमचा रोख अभियंत्यांवर आहे असे मात्र कोणी समजू नये. गंगेच्या गाळावर वसलेल्या या शहराखाली खडक लागत नाही. चिकणमाती, बारीक वाळू आणि हातभर खाली पाणी. अशा भूमीतून २०१७ मध्ये हुगळीच्या पात्राखालून सुमारे अर्ध्या किलोमीटरची दोन भुयारे सुखरूप पार झाली. देशात नदीखालून रेल्वे जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्याचे कौतुक करावे तितके थोडेच.

पुढे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बौबाजारखाली ‘चंडी’ नावाचे भुयार खणणारे यंत्र जलधारी थरास भिडले. पाणी आत शिरू लागले. नुसते पाणी आले असते तर ते उपसता आले असते. परंतु पाण्याबरोबर बारीक वाळू आणि गाळ वाहून येतो, वरची जमीन पोकळ होते आणि तिच्यावरचे घर खचते. दुर्गा पितुरी लेन आणि स्याकरापाडा लेन येथील जुनी घरे तडकली, काही कोसळली, शेकडो माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडून हॉटेलांत राहावयास गेली. उच्च न्यायालयाने काम थांबविले. ते फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळाली. मे २०२२ मध्ये त्याच वस्तीत भिंतींस पुन्हा तडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिसऱ्यांदा तेच घडले.

आता अफवांकडे वळू. त्या होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. भुयाराची वाट चुकली आहे, यंत्र कायमचे गाडले गेले आहे, सारी गल्ली पाडून तेथे बाजार उठविण्याचा घाट आहे, मार्ग अर्ध्यावरच सोडून देणार आहेत, असे कितीतरी आम्ही बसमध्ये आणि चहाच्या टपरीवर ऐकले. त्यांचे परिणामही वाईट झाले. भीतीपोटी माणूस आपली जागा कवडीमोलाने विकावयास निघतो आणि खरेदीदार त्या भीतीवरच टपलेला असतो. अफवा निरुपद्रवी असते असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ती पिकते कोणत्या जमिनीत?

आमच्या ओळखीचे एक वृद्ध सुवर्णकार त्या गल्लीतले. हॉटेलात राहावयास गेल्यावर ते एकदा आम्हांस म्हणाले, “दादा, आपण सरकारी माणूस. घरी केव्हा जायचे ते सांगा. दोन महिने म्हणा, दोन वर्षे म्हणा. दोन वर्षे असतील तर मी भट्टी दुसरीकडे मांडतो.” त्यांना तारीख लांबण्याचे भय नव्हते. न कळण्याचे होते. आणि त्या वेळी शहराच्या कानी येणारे शब्द कोणते? ‘काम प्रगतिपथावर आहे.’ ‘उचित कार्यवाही सुरू आहे.’ ‘लवकरच.’ प्रत्येक मुदतीनंतर नवी मुदत. जुनी का टळली याचा हिशेब मात्र सामान्य माणसास कळेल अशा भाषेत क्वचितच.

वाचकहो, हे शब्द कोठे तयार होतात ते आपणांस ठाऊक आहे. ते आपल्याच टेबलावर तयार होतात. आमच्या कार्यालयात एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण होते. बाईंच्या पाच अर्जांस आम्ही पाच उत्तरे धाडली, आणि पाचही उत्तरांत ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हेच वाक्य होते. सही वरिष्ठांची, मसुदा आमचा. खरी गोष्ट अशी होती की बदलीच्या वेळी सेवापुस्तकाची काही पाने गहाळ झाली होती आणि ते कबूल करावयास कोणी तयार नव्हते. सहाव्या खेपेस बाई स्वतः आल्या आणि त्यांनी आमच्या टेबलावर एक पाकीट ठेवले. आत नोटा होत्या. शेजाऱ्यांनी त्यांस सांगितले होते की पैसे दिल्यावाचून कागद हलत नाही. ही त्यांची अफवा. ती कोणी पिकविली? शेजाऱ्यांनी नव्हे, आमच्या पाच पत्रांनी. आम्ही पाकीट परत केले आणि खरे कारण सांगितले. आठ दिवसांत त्या पतीच्या ट्रंकेतून त्या पानांच्या नकला घेऊन आल्या. पहिल्याच पत्रात खरे लिहिले असते, तर त्या बाईंचे वर्ष वाचले असते.

यावर कोणी म्हणेल, खरे सांगितल्याने लोक घाबरतील. हुगळीत बान येण्याची वेळ आगाऊ जाहीर होते. घाटावरची माणसे चार पायऱ्या वर चढतात, नावाडी नावा सावरतात. शहर सोडून कोणी पळत नाही. ज्या संकटाची वेळ आणि माप कळते, त्याची माणूस तयारी करतो. दुसरे कोणी म्हणेल, भुयाराचे शास्त्र लोकांस काय कळणार? बौबाजारच्या दागिने घडविणाऱ्या कारागिरांस विचारून पाहा. जलधारी थर म्हणजे काय हे ते आता पुष्कळ पदवीधरांपेक्षा नीट सांगतील. तिसरे कोणी कंत्राट आणि न्यायालय पुढे करील. जे न्यायप्रविष्ट आहे ते झाकावे. परंतु किती मीटर खणले आणि किती उरले, हे कोणत्या न्यायालयाने झाकावयास सांगितले आहे?

आमची मागणी फार मोठी नाही. जेथे जेथे भुयार खणले जाते, तेथे तेथे पत्र्याच्या कुंपणावर एक फलक असावा. एकूण लांबी, झालेले काम, उरलेले काम. मागची मुदत कोणती होती आणि ती का टळली. आज काम थांबले असेल तर कशामुळे. आणि खाली उत्तरदायी अधिकाऱ्याचे नाव. मजकूर येथील भाषेत असावा आणि दर महिन्यास बदलावा. खिदिरपूरहून पार्क स्ट्रीटकडे आणखी एका मार्गाचे भुयार खणण्यास २०२५ मध्ये प्रारंभ झाला आहे. ज्यांचे आप्त मुंबईस किंवा पुण्यास आहेत, त्यांनी तेथील कुंपणांवरही काय लिहिलेले असते ते एकदा वाचून पाहावे.

आता हावड्याहून सियालदाहास बारा मिनिटांत पोहोचता येते. आम्हीही जातो आणि सोय झाली म्हणून समाधान मानतो. परंतु पहिली सलग गाडी बौबाजारखालून गेली, त्या दिवशीही वरच्या गल्लीतील सगळी कुटुंबे आपापल्या घरी परतलेली नव्हती. त्यांस अधीर म्हणण्यापूर्वी त्या अधिकाऱ्यांनी आपल्या काळातील एखादी धारिका आठवावी. आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे, की आमच्या मसुद्यात ‘विचाराधीन’ हा शब्द आला तर त्याच्या पुढच्याच ओळीत कारण येईल. वरिष्ठांनी ती ओळ खोडली, तर ती त्यांच्या हाताने खोडलेली असेल.