पेटीची पूजा, चित्राची उपेक्षा

जी वस्तू बनविणाऱ्याने सोडून दिली, विकणाऱ्याने सोडून दिली आणि वापरणाऱ्यानेही माळ्यावर फेकली, तिच्याविषयी काही वर्षांनी ममत्वाचा पूर लोटावा, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे. व्हिडिओ कॅसेटच्या वाट्याला सध्या हे भाग्य आले आहे. अमेरिकेत आणि युरोपात जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरील चित्रपट जमविणाऱ्यांचा एक पंथच उदयास आला असून, त्याचे मेळावे भरतात, त्यात देवघेव चालते, आणि त्याचे अनुयायी आपल्या छंदास संस्कृतिरक्षणाचे भारदस्त नाव देतात. छंद म्हणून कोणी काय जमवावे याविषयी आमची तक्रार नाही. कोणी टपालाची तिकिटे जमवितो, कोणी काडेपेट्यांवरील चित्रे. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. आमचा आक्षेप आहे तो 'रक्षण' या शब्दाला. जो संग्रह पेटी जपतो आणि पेटीतील चित्र मरू देतो, त्याला रक्षण म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग होय. आणि या दुरुपयोगाच्या आड, जे खरोखर वाचवावयास हवे ते डोळ्यांदेखत नष्ट होत आहे.

प्रथम या वस्तूचा इतिहास थोडक्यात पाहू. जपानच्या सोनी कंपनीने १९७५ साली 'बीटामॅक्स' आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ साली 'व्हीएचएस' ही पद्धती बाजारात आणली. दोहोंची फीत अर्ध्या इंचाचीच. परंतु आरंभीच्या बीटामॅक्स फितीवर एक तासाचे चित्रण मावत असे, तर व्हीएचएसवर दोन तासांचे, म्हणजे सामान्यतः एक पूर्ण चित्रपट. व्हीएचएसने बाजार जिंकला त्यात या सोयीचा मोठा वाटा होता. घरी चित्रण करून ठेवणे हा गुन्हा आहे की काय, हा वादही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी उतरवून घेणाऱ्या प्रेक्षकास निर्दोष ठरविण्यात आले. पुढे १९९६ साली जपानात व १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी आली आणि फितीचा उतार सुरू झाला. हॉलिवूडच्या मोठ्या संस्थांनी कॅसेटीवर काढलेला अखेरचा चित्रपट म्हणून २००६ साली कॅसेटीवर निघालेल्या 'अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स'चे नाव सामान्यतः घेतले जाते. शेवटी जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनविणे बंद केले. वाचकांनी ही अखेरची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे.

आता या पंथाचे म्हणणे ऐकू. त्यांचा पहिला युक्तिवाद भावनेचा आहे. शुक्रवारच्या सायंकाळी दुकानात जावे, मांडणीवरील भडक वेष्टने न्याहाळावीत, एकाची निवड करावी, घरी सर्वांनी मिळून ती पाहावी आणि परत करताना गुंडाळून द्यावी, या सर्व विधीला एक माधुर्य होते असे ते म्हणतात. ते खरे आहे, आणि त्याचा उपहास करण्याचा कोरडेपणा आमच्या अंगी नाही. परंतु हे माधुर्य त्या वयाचे, त्या संगतीचे आणि त्या काळाचे होते. ते फितीत साठविलेले नव्हते, आणि म्हणून फीत जमवून ते परत मिळणारही नाही.

याच युक्तिवादाच्या पोटात दुसरा एक दावा दडलेला असतो: कॅसेटीवरचा चित्रपट हाच 'अस्सल' चित्रपट. हा दावा मात्र खोटा आहे. व्हीएचएसवरील चित्राची आडवी सूक्ष्मता सुमारे २४० रेषांची, म्हणजे चित्रपटगृहातील पडद्याच्या मानाने अगदीच धूसर. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की विस्तीर्ण पडद्यासाठी घेतलेले चित्रपट त्या काळच्या चौकोनी दूरचित्रवाणी संचात बसावेत म्हणून त्यांच्या दोन्ही बाजू सर्रास छाटल्या जात. उंचीच्या २.३५ पट रुंद असलेले चित्र १.३३ पट रुंदीच्या चौकटीत कोंबावयाचे, तर दोन-पंचमांशाहून अधिक भाग गमवावा लागतो. दिग्दर्शकाने एका टोकाला नायक आणि दुसऱ्या टोकाला खलनायक उभा केला असेल, तर त्यांतील एकच दिसावयाचा. असल्या छाटलेल्या प्रतीला अस्सल म्हणणे म्हणजे भंगलेल्या मूर्तीच्या भग्नपणालाच कलाकृती समजणे होय.

भावनेच्या पाठोपाठ बाजार येतोच. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील 'हेरिटेज ऑक्शन्स' या लिलावगृहात 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटाची एक कॅसेट ७५,००० डॉलरांना विकली गेली. तिचे वैशिष्ट्य काय? तर ती कधी उघडलीच गेली नव्हती. हा चित्रपट दुर्मीळ नाही. तो त्याहून कितीतरी स्वच्छ स्वरूपात कोठेही मिळतो. अशा न उघडलेल्या कॅसेटी आता पारदर्शक पेट्यांत बंद करून, त्यांना गुणांकाची चिठ्ठी लावून विकल्या जातात. ज्या क्षणी धनी तिचे वेष्टन फाडून चित्रपट पाहील, त्या क्षणी तिचे मोल धुळीस मिळेल. पाहण्यासाठी निर्माण झालेली वस्तू न पाहण्यातच जिचे मूल्य, तिला चित्रपटाचा संग्रह कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

या पंथाचा तिसरा युक्तिवाद मात्र सबळ आहे, आणि त्याला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. ते म्हणतात, आज घरोघरी जाळ्यावरून येणारा चित्रपट प्रेक्षकाच्या मालकीचा नसतो. दाखविणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा तो काढून घेतला जातो. २०२२ साली 'एचबीओ मॅक्स'ने आपल्या यादीतून अनेक कार्यक्रम काढून टाकले, आणि त्यांतील काही स्वतः तिच्यासाठीच निर्माण झालेले होते. चित्रपटाचे स्वरूपही मागाहून बदलले जाते. 'स्टार वॉर्स' हा १९७७ सालचा चित्रपट १९९७ साली नवी दृश्ये व नव्या करामती घालून पुन्हा प्रदर्शित झाला, आणि त्यानंतर मूळ स्वरूप सामान्य ग्राहकास मिळणे दुरापास्त झाले. २००६ साली ते डीव्हीडीच्या जोडपुरवणीत देण्यात आले खरे. परंतु त्यासाठी १९९३ सालच्या लेझरडिस्कसाठी केलेली जुनी प्रतच वापरण्यात आली. म्हणजे मालकांनी बाजूला सारलेले रूप एका कालबाह्य पद्धतीच्या आधाराने टिकले. शिवाय १९८० नंतरच्या दशकात थेट व्हिडिओवरच चित्रित झालेले, कॅसेट विक्रीसाठीच काढलेले स्वस्त भयपट पुष्कळ होते. टल्सा येथे १९८५ साली तयार झालेला 'ब्लड कल्ट' हा त्यांतलाच. त्यांची मूळ प्रतच मुळी फितीवर. येल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१५ साली अशा प्रकारच्या सुमारे २,७०० कॅसेटी विकत घेतल्या, त्या काही गंमत म्हणून नव्हे.

हे सर्व आम्हांस मान्य आहे. परंतु यातून निष्कर्ष कोणता निघतो? 'जमवा आणि मांडून ठेवा' हा निघत नाही. लेझरडिस्कसाठी केलेली ती प्रत कोणीतरी पुन्हा काढली, नव्या तबकडीवर उतरविली, म्हणून ते रूप लोकांपर्यंत पोहोचले. एकमेव प्रत ज्याच्या हाती आहे त्याच्यावर अभिमानाआधी जबाबदारी येते. आणि ही जबाबदारी मुदतीची आहे.

कारण फीत मरते. चुंबकीय कणांना प्लॅस्टिकच्या पट्टीवर धरून ठेवणारे बंधकद्रव्य हवेतील ओलावा शोषून हळूहळू विघटित होते. फीत चिकट होते, तिचा थर सुटू लागतो, दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. फितीच्या आधी यंत्र मरते. आपल्याकडील व्हीसीआरमध्ये मिनिटास १५०० फेरे घेणारे एक दंडगोल असते, त्याच्यावर ज्यांना आपले कारागीर 'हेड' म्हणतात ते सूक्ष्म भाग बसविलेले असतात. ते झिजतात, रबरी चाके कडक होतात, आणि नवे भाग बनविणारा क्वचितच कोणी उरला आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ साली एक इशारापत्र प्रसिद्ध करून सांगितले होते, की चुंबकीय फितींवरील जे साहित्य २०२५ पर्यंत उतरविले जाणार नाही ते बहुतांशी गेलेच असे समजावे. ती मुदत आता संपली आहे. मांडणीवर रांगेने उभ्या असलेल्या कॅसेटींचे रंगीत कणे पाहून ज्याला समाधान वाटते, त्याने हे विसरू नये की वेष्टन उत्तम राहते आणि आतील चित्र निघून जाते.

नुसत्या संग्रहाची गती काय होते याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. न्यूयॉर्क येथील 'किम्स व्हिडिओ' या दुकानाचा सुमारे ५५,००० चित्रपटांचा संग्रह, दुकान बंद पडल्यावर, २००९ साली इटलीतील सिसिली बेटावरच्या सलेमी या गावी पाठविण्यात आला. चित्रपट नव्या स्वरूपात उतरवू, अखंड दाखवू, जुन्या सभासदांना पाहावयास देऊ, अशी आश्वासने होती. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे पडून राहिला. अखेर २०२२ साली तो न्यूयॉर्कला परत आणण्यात आला. समुद्रापलीकडे जाऊन येण्यात जी वर्षे गेली, तेवढ्याने त्या फितींचे आयुष्य कमी झाले. लाभ कोणाचा झाला?

याच्या उलट फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंचे चरित्र पाहावे. १९७९ पासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपल्या घरी अनेक यंत्रे लावून दूरचित्रवाणीवरील वृत्तप्रसारण अखंड उतरवून घेतले. बीटामॅक्स आणि व्हीएचएस मिळून सुमारे ७०,००० कॅसेटी भरल्या. त्यांना वेष्टन नव्हते, लिलावात किंमत नव्हती, आणि शेजारीपाजारी त्यांना विक्षिप्त म्हणत असल्यास नवल नाही. परंतु जे कोणी जपत नव्हते ते त्यांनी जपले. आणि त्यांच्या पश्चात हा ठेवा 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेकडे उतरवून घेण्यासाठी सोपविण्यात आला. एका बाजूस ७५,००० डॉलरांची एक न पाहिलेली पेटी, दुसऱ्या बाजूस या बिनमोल फितींचे ढीग. संस्कृतीचे रक्षण कोणत्या बाजूस झाले, हे सांगावयास पंडित नको.

आपल्या परंपरेला हा विवेक नवा नाही. आपल्या पोथ्या शतकानुशतके टिकल्या, त्या ताडपत्र अमर होते म्हणून नव्हे. जीर्ण प्रतीवरून नवी प्रत लिहून घेणे हे पुण्यकर्म मानले गेले, म्हणून ग्रंथ जगले. लेखनिक अखेरीस वाचकास विनवीत असे की या पोथीला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जप. पण तोच लेखनिक स्वतः जुनी पोथी उघडून, अक्षर अक्षर लावून, दुसरी लिहीत होता. ज्या घराण्यांनी पोथी नुसती रुमालात बांधून पुजली, त्यांच्या घरी अखेर कसरीने खाल्लेला चुरा उरला.

आणि हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली, आखातात नोकरीस गेलेल्यांनी व्हीसीआर आणले, आणि एका रात्रीत तीन-तीन चित्रपट पाहण्याचा तो काळ पुष्कळांना अद्याप आठवतो. त्या आठवणींनी आता आपल्याकडेही गहिवर येऊ लागला आहे. परंतु त्याच यंत्रांच्या काळात गोव्यातील उत्सवी नाटके, बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी मंडळांचे कार्यक्रम, जत्रा, कीर्तने, मुंजी आणि लग्ने कॅसेटींवर उतरली. गाजलेल्या हिंदी चित्रपटाची कॅसेट गेली तर तो चित्रपट अन्यत्र आहे. देवळाच्या मंडपात गावकऱ्यांनी केलेल्या नाटकाची कॅसेट गेली, की ते नाटक, ती पात्रे, आणि त्या मुलखाची त्या पिढीच्या तोंडची बोली, सर्व एकदम गेले. तीस वर्षांपूर्वीची इंदुरी मराठी किंवा अंत्रुजी कोंकणी कशी बोलली जात असे, हे कोणत्याही व्याकरणापेक्षा अशा फिती अधिक खरेपणाने सांगतील. आणि त्याच फिती कोंकणच्या पावसाळ्यात, कपाटाच्या तळाशी, बुरशी खात पडल्या आहेत.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. ज्याच्या अन्य प्रती आहेत ते मागे ठेवा. ज्याची प्रत एकच आहे ते आधी उतरवून घ्या. बुरशी आलेली फीत यंत्रात घालू नका, कारण तीच बुरशी यंत्रावाटे पुढील फितीस लागते. जाणत्याकडून ती आधी स्वच्छ करून घ्या. फितीवर कोण, कोठे, कोणत्या साली, हे सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवर लिहून घ्या. नवी प्रत एकाच ठिकाणी ठेवू नका. मूळ कॅसेटही फेकू नका. व्यक्तीस हे झेपत नसेल तर मंडळांनी, वाचनालयांनी आणि देवस्थानच्या समित्यांनी एक चालू स्थितीतील यंत्र आणि एक जाणता कारागीर मिळवावा. उत्सवाच्या रोषणाईवर जो खर्च होतो, त्याच्या अल्पांशात हे काम पार पडेल.

राहिले ते कॅसेटींचे शौकीन. त्यांनी आपल्या मांडण्या खुशाल सजवाव्यात. मात्र त्यांच्या मांडणीवर जर एखादी अशी फीत असेल की जिची दुसरी प्रत जगात नाही, तर ती त्यांनी चालू यंत्र मिळते आहे तोवर उतरवून घ्यावी. हे ज्याने केले तो रक्षक. न केले तर तो रिकाम्या पेट्यांचा राखणदार, आणि त्या पेट्या रिकाम्या होऊ देण्याचा दोष त्याच्याच माथी राहील.