आज कोणी आले नाही

दहाला पाच मिनिटे कमी असताना आम्ही साठ-सत्तर माणसे एका लाकडी सज्जावर दाटीवाटीने उभी होतो. समोर थोड्या अंतरावर एका प्रचंड झाडाला लावलेले मचाण, त्याच्याकडे चारी बाजूंनी आलेले जाड दोर, आणि पाठीमागे हिरव्या रंगाच्या जितक्या छटा असू शकतात तितक्या सगळ्या. दहा वाजता एक रेंजर शिडीने वर चढला, पाटीतली केळी त्याने मचाणावर ओतली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. कॅमेरे सरसावले. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. आखूड शेपटीची चार माकडे आली आणि उपरण्याखाली प्रसाद लपवावा तशी केळी काखोटीला मारून निघून गेली. ओरांगउटान मात्र एकही आला नाही.

माझी आठ वर्षांची नात खास यासाठी सिंगापूरहून आली होती. तिचे आईवडील नोकरीनिमित्त तिथे असतात. वाढदिवसाला काय हवे असे विचारल्यावर तिने सायकल न मागता बोर्निओ मागितले, आणि आम्ही आजी-आजोबाही त्या वऱ्हाडात सामील झालो. तिने माझा सदरा ओढला आणि हळूच विचारले, "आजोबा, तिकिटाचे पैसे परत देतात का?"

प्रश्न तिने विचारला इतकेच. सज्जावरच्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर तोच होता. परत येताना मी त्या रेंजरला गाठून, जमेल तितक्या इंग्रजीत, हळहळ व्यक्त केली. तो हसला. म्हणाला, "जंगलात फळं लागलीत. कोणी आलं नाही, म्हणजे चांगला दिवस."

या उत्तराने मला दिवसभर सोडले नाही. ज्या जागेचे यश प्रेक्षकाच्या निराशेवर मोजायचे, अशी दुसरी जागा मी तरी पाहिलेली नाही.

ही जागा म्हणजे सेपिलोक. बोर्निओ बेटाच्या उत्तर भागात मलेशियाचे साबा राज्य आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर सांडाकान नावाचे, एके काळी लाकडाच्या व्यापारावर गबर झालेले बंदर आहे. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर, ४३ चौरस किलोमीटरच्या राखीव जंगलाच्या कडेला, १९६४ साली हे ओरांगउटान पुनर्वसन केंद्र सुरू झाले. आपले बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान याच्या दुपटीहून मोठे आहे, एवढे सांगितले की आकाराची कल्पना येईल. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान. हा रानातला माणूस.

पुनर्वसन हा शब्द आपल्याकडे धरणग्रस्तांमुळे चांगलाच परिचयाचा आहे, आणि तो ऐकला की आपण थोडे सावध होतो. इथे त्याचा अर्थ असा, की अनाथ झालेल्या पिल्लाला पुन्हा रानात जगता येईल इतके शिकवायचे. ऐकायला सोपे वाटते. पण ओरांगउटानची मादी सरासरी सात-आठ वर्षांनी एकदा विते आणि एका पिल्लाला तितकीच वर्षे जवळ ठेवते. सस्तन प्राण्यांत दोन बाळंतपणांत एवढे अंतर क्वचितच असते. या वर्षांत आई करते काय? तर पिल्लाला रान वाचायला शिकवते. शेकडो प्रकारची झाडे, वेली, त्यांतल्या कशाचे फळ खायचे, कशाची नुसती साल, कोणते झाड कोणत्या महिन्यात फळते, कोणती फांदी वजन पेलेल. रोज संध्याकाळी फांद्या वाकवून, मोडून, गुंफून नवी माची तयार करायची आणि तिच्यावर झोपायचे, हेही शिकावे लागते. ते रक्तातून येत नाही. हा सगळा अभ्यासक्रम आई एकटी शिकवते. बापाचा या शाळेशी काही संबंध नसतो. (आमच्या सौभाग्यवतींनी यावर जो शेरा मारला तो इथे देत नाही.)

आई गेली की हे सारे माणसाला करावे लागते, आणि माणूस या कामाला नालायक आहे. त्याला स्वतःलाच माहीत नाही. तेव्हा दोर बांधून दिले, मोठ्या पिल्लांबरोबर लहानांना सोडले, झाडावर चढायला उत्तेजन दिले, की पुढचे बरेचसे पिल्लांनी एकमेकांचे पाहून शिकायचे. आम्हाला हा बालवर्ग जाड काचेच्या पलीकडून पाहता आला. एक पिल्लू दोरावर उलटे लोंबकळत होते, दुसरे त्याचा पाय ओढत होते. काचेअलीकडे सगळ्यांच्या तोंडून एकच उद्गार निघत होता, "किती गोड!" माझ्याही निघाला. काच नसती तर प्रत्येकाने एकेकाला कडेवर घेतले असते.

ती काच तिथे का आहे हे कळायला मात्र वेळ लागला. एक कारण सरळ आहे: आपली साधी सर्दीसुद्धा त्यांना होते आणि जिवावर बेतू शकते. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, केंद्र पर्यटकांना बंद केले गेले तेव्हा काळजी केवळ माणसांची नव्हती. दुसरे कारण अवघड आहे. कडेवर घेण्याची जी ओढ मला त्या काचेपाशी वाटली, नेमक्या तिच्याच बाजारामुळे यांतली काही पिल्ले इथे आली आहेत. ओरांगउटानचे पिल्लू घरात पाळायला मिळते ते आईला मारल्यावरच. ती जिवंत असताना पिल्लू सोडत नाही. आणि एकदा माणसाच्या मांडीची सवय झाली की पिल्लू रानासाठी जवळजवळ निकामी होते. म्हणून दोन्ही वेळच्या मचाणावरच्या जेवणातही मुद्दाम फारशी विविधता ठेवत नाहीत. त्याच त्या केळ्यांना कंटाळून त्याने रानात चांगलेचुंगले शोधावे, हा हेतू. पाहुण्याला कंटाळा यावा म्हणून केलेला पाहुणचार!

पुण्यात एक ओरांगउटान होती हे आज किती जणांना आठवते कोण जाणे. बिन्नी तिचे नाव. २००३ साली तिला पुण्याहून ओडिशातल्या नंदनकाननला नेले. ती भारतातली एकुलती एक ओरांगउटान होती, आणि २०१९च्या मे महिन्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तिथेच गेली. ती पुण्यात असताना मी मुलीला घेऊन तिला पाहायला गेलो होतो. ती आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि आम्ही सगळे, मीही त्यात आलोच, टाळ्या वाजवून, शीळ घालून तिला तोंड इकडे करायला सांगत होतो. तेव्हा त्यात काही गैर वाटले नाही. तिकीट काढले होते ना!

सेपिलोकला पुढची वेळ दुपारी तीनची. मधल्या वेळात पाऊस कोसळू लागला आणि आम्ही उपाहारगृहात अडकलो. तिथे पिसांग गोरेंग, म्हणजे पिठात बुडवून तळलेली केळी, फार छान मिळतात. दोन बशा संपल्यावर माझ्या मुलीने विचारले, "बाबा, हे कशात तळलं असेल?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. आदल्या दिवशी सांडाकानला उतरताना विमानाच्या खिडकीतून ते आम्ही पाहिलेच होते. कंगव्याने भांग पाडावा तशा ओळीत उभी असलेली तेलताडाची झाडे, क्षितिजापर्यंत.

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. मलायात त्याचा पहिला व्यापारी मळा १९१७ साली लागला. आज जगातल्या पामतेलापैकी पाचातले चार भाग, किंबहुना थोडे जास्तच, इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येते. जंगल आधी लाकडासाठी विरळ झाले, मग मळ्यांसाठी साफ झाले. शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने २०१८ साली अंदाज प्रसिद्ध केला, की १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत बोर्निओने एक लाखाहून अधिक ओरांगउटान गमावले. यातले पुष्कळ मळ्यांपासून दूर, शाबूत जंगलात शिकारीने मेले, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे दोष एकट्या तेलाच्या माथी मारून चालत नाही. पण तेलाकडे येणे भाग आहे, कारण जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश आपला आहे.

आमच्या लहानपणी रेशनच्या दुकानात पामतेल मिळे, आणि पाहुण्यांसमोर त्याचे नाव काढायचे नाही असा घरात दंडक होता. आता नाव काढायची गरजच उरलेली नाही. ते बिस्किटात आहे, फरसाणात आहे, साबणात आहे, आइस्क्रीम म्हणून जे मिळते त्यातल्या पुष्कळशात आहे. २०२२च्या दिवाळीत आपल्या सरकारने शंभर रुपयांत "आनंदाचा शिधा" दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते. त्या तेलात ज्या घरांतल्या करंज्या तळल्या गेल्या, त्यांना बोर्निओच्या वानराचा हिशेब विचारायला मी जाणार नाही. मला कोणी विचारू नये इतपत माझे पोट भरलेले आहे, त्यांचे नाही.

शिवाय "पामतेलावर बहिष्कार" ही घोषणा दिसते तितकी सरळ नाही. एका हेक्टरातून तेलताड तीन ते चार टन तेल देतो; सोयाबीनला त्याच जमिनीतून अर्ध्या टनाच्या आसपास समाधान मानावे लागते. उद्या सगळ्यांनी पामतेल सोडले, तर तेवढ्या तेलासाठी दुसऱ्या कुठल्या तरी रानावर कुऱ्हाड पडेल. तेव्हा प्रश्न झाडाचा नाही, ते कुठे लावले याचा आहे. जंगल तोडून लावलेल्या मळ्याचे तेल नको, एवढे तरी खरेदीदाराने म्हणायला हवे. युरोपातले खरेदीदार ते म्हणू लागले आहेत. सर्वांत मोठे गिऱ्हाईक असलेले आपण भाव तेवढा विचारतो. गिऱ्हाइकाचा हा मान आपण वापरत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

२०२४च्या मे महिन्यात एक मजेशीर गोष्ट घडली. मलेशियाच्या मंत्र्यांनी सुचवले, की पामतेल घेणाऱ्या मोठ्या देशांना ओरांगउटान भेट द्यावेत, चीन जसे पांडा देतो तसे. त्या देशांत आपले नाव होते. टीका झाली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने पवित्रा बदलला: प्राणी देशातच राहतील, हवे तर आयात करणाऱ्या कंपन्यांनी त्यांना तिथल्या तिथे दत्तक घ्यावे. बरे झाले. नाही तर तेलाच्या पिंपांबरोबर एक बिन्नी पुन्हा आली असती, आणि आम्ही पुन्हा टाळ्या वाजवायला गेलो असतो.

अशा केंद्रांवर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा शिल्लक जंगल राखण्यावर घालवा, असे म्हणणारे अभ्यासक आहेत, आणि हिशेबाला त्यांचे बरोबर असावे. तरीही दारात आणून सोडलेल्या पोरक्या पिल्लाला हिशेब दाखवता येत नाही. मी याकडे अपघात विभागासारखे पाहतो. तो हवाच, पण तो उत्तम चालतो म्हणून रस्त्यावरचे खड्डे तसेच राहू द्या, असे कोणी म्हणू लागले तर त्याला अडवले पाहिजे. साबामध्ये खड्डे बुजवण्याचे कामही चालू आहे. जवळच्या किनाबातांगान नदीकाठी मळ्यांनी जंगलाचे तुकडे केले; तिथे ओढ्यांवरून जुन्या अग्निशामक नळ्यांचे झुलते पूल बांधले गेले, आणि ओरांगउटान ते वापरतात. साबातल्या मोजणीतही असेच दिसले, की मोठ्या सलग जंगलांत त्यांची संख्या टिकली आणि मळ्यांनी वेढलेल्या तुकड्यांत घटली.

हे आपल्याला दूरचे वाटायला नको. २०२१ साली केंद्र सरकारने तेलताडाच्या लागवडीसाठी ११,०४० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, आणि तिचा विशेष भर ईशान्येकडच्या राज्यांवर व अंदमानवर आहे. आयात कमी व्हावी हा हेतू चुकीचा नाही. पण भारतातला एकमेव वानर, शेपूट नसलेला हूलॉक गिबन, त्याच ईशान्येच्या जंगलात राहतो, आणि तोही झाडावरून खाली सहसा उतरत नाही. मळे नेमके कुठे लागणार, हे विचारणारा प्रश्न आपल्या वर्तमानपत्रांत मला फार थोड्या वेळा वाचायला मिळाला. सेपिलोकसारखे केंद्र नंतर उघडण्यापेक्षा हा प्रश्न आधी विचारणे स्वस्त पडेल.

पावणेतीनला पाऊस थांबला. सज्जावर आता निम्मीच माणसे होती. बाकीच्यांनी बस गाठली होती. केळी ओतली गेली. माकडे आली. मग दूरवर एक फांदी, वारा नसताना, खाली वाकली आणि पुन्हा वर गेली. तिच्यामागची दुसरी वाकली. विटकरी रंगाची एक मादी अजिबात घाई न करता दोरावरून आली. तिच्या कमरेला एक पिल्लू चिकटले होते, एवढेसे. तिने दोन केळी हातात घेतली, एक तोंडात धरले आणि पावसाने जड झालेल्या पानांत पुन्हा शिरली. जेमतेम तीन-चार मिनिटे. माझ्या हातातला कॅमेरा चालू करायचा राहूनच गेला.

"तिने आपल्याकडे पाहिलंच नाही," नात म्हणाली.

रेंजर शिडीपाशी उभा राहून वहीत काहीतरी लिहीत होता. आम्ही अजून थोडा वेळ थांबलो. मग पुन्हा पाऊस आला.