बिब्बाही नैसर्गिकच असतो!

परवा भाचीने गालावरच्या पुळीला टी ट्री ऑइल तसंच, काही न मिसळता चोळलं. "नैसर्गिक आहे गं मावशी, काय होणार?" दोन दिवसांत गाल लालभडक, खाज वेगळीच!

मला आमच्या आजीचा बिब्बा आठवला. तोही झाडाचाच. पण अंगावर उतला की फोड येतात, म्हणून आजी तो आम्हा मुलांच्या हाती लागू देत नसे.

माझं म्हणणं एवढंच, की सुगंधी तेलं म्हणजे खोबरेल नव्हे. तो अर्क असतो. ३० मिली खोबरेलात ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, पुष्कळ झाले. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला जरासं लावून दोन दिवस वाट पाहावी. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात जाऊ नये, कातडी भाजून डाग पडू शकतात. आणि हवा लागून जुनं झालेलं टी ट्री तर जास्तच बाधतं. भाचीची बाटली तीन वर्षांपूर्वीची निघाली!

असो. गाल आता बरा आहे. तुमच्याही कपाटात अशी एखादी बाटली असेल, तर आज तारीख बघाच.