गाडीचे वय कोणी मोजावे?

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी एक जुनी जीप आहे. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला आमचे गाव. तेथे आषाढ-श्रावणात सूर्य दिसला तर माणसे अंगणात येऊन पाहतात. अशा ठिकाणी वडिलांनी आणि चुलत्यांनी मिळून ही जीप एका सरकारी लिलावातून घेतली, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. गाडी १९८० सालची. मूळचे पेट्रोल इंजिन काढून त्यात डिझेल इंजिन बसवलेले. त्याची नोंद गाडीच्या पुस्तकात आहे. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, गवताचे भारे आणि वेळप्रसंगी राजूरच्या दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळे तिनेच वाहिले.

यंदा तिच्या नोंदणीचे नूतनीकरण आले आणि घरात दोन पक्ष पडले. थोरला भाऊ म्हणतो, भंगारात घाला. वडील म्हणतात, ती घरची लक्ष्मी आहे. सरकारी कागद वाचण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे असते. म्हणून मलाही विचारले गेले. माझे मत मी येथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या अंगणातला नाही. घाटाखालच्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांत अशा गाड्या आजही चालतात, आणि त्यांत आपलीच माणसे बसतात.

प्रथम कायद्याकडे पाहू. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील चारचाकीसाठी ते १०,००० रुपयांवर गेले. पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्या तर १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीतूनच काढल्या गेल्या. या सर्वांमागचा हिशेब वर्षांचा आहे. अर्थशास्त्राच्या तासाला आपण 'घसारा' शिकतो. यंत्राची किंमत दर वर्षी ठराविक प्रमाणात कमी धरायची, म्हणजे काही वर्षांनी ते कागदावर जवळजवळ शून्य होते. हिशेबाच्या सोयीसाठी हे ठीक आहे. परंतु घसारा हा शब्द घासण्यावरून आला आहे, आणि यंत्र किती घासले हे कॅलेंडर पाहून कळत नाही. चार वर्षांची गाडी बेअरिंगला ग्रीस न देता वापरली तर ती म्हातारी होते, आणि चाळीस वर्षांची गाडी निगेने वापरली तर काम देते.

म्हणजे वडिलांचे बरोबर आणि भावाचे चूक असे माझे म्हणणे आहे काय? नाही. मालकाची मोजणीही मला तितकीच फसवी वाटते. आपण जीपवर प्रेम करतो ते तिच्या आठवणींवर. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. आमच्या गाडीचा नमुना सी. जे. ३ बी. अमेरिकेत तो १९५३ मध्ये निघाला आणि १९६८ मध्ये तेथे बंद पडला. आपल्याकडे मात्र पुढे कित्येक वर्षे बनत राहिला. उंच इंजिन बसावे म्हणून केलेले तिचे ते उंच बॉनेट पाहिले की जाणकार माणूस थांबतो. हे सगळे खरे आहे. पण बॉनेटचे कौतुक करणाऱ्यांपैकी गाडीखाली झोपून पाहणारे किती?

मी स्वतः पाहिले नव्हते. हे सांगणे मला सोपे नाही, पण ते सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. खंडेनवमीला आमच्याकडे जीप धुतात, हार घालतात, नारळ फोडतात. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला पुढचा बंपर गंजलेला दिसला म्हणून मी तो घासून काळ्या रंगाने रंगवला. दोन हात दिले. बंपर नवा दिसू लागला. सगळ्यांनी वाहवा केली. तो ज्या बोल्टांवर चेसीला धरलेला होता ते गंजून अर्धे झाले होते. मी त्यांच्यावरही रंग मारला.

पुढच्या आषाढात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, शेजाऱ्यांची पिकअप बांधाजवळ चिखलात रुतली. तिला टोचन करायला आमची जीप गेली. जीपचे तोंड पिकअपकडे होते, म्हणून दोर पुढच्या बंपरला बांधला आणि रिव्हर्समध्ये ओढायचे ठरले. पहिल्यांदा दोर ताणला, पिकअप हलली नाही. मग आपल्याकडे करतात तेच केले. दोर ढिला सोडून जोराने हिसका दिला. बोल्ट तुटले. बंपर दोरासकट गोफणीसारखा सुटला आणि बाजूला उभे राहून हात दाखवणाऱ्या माझ्या चुलत्यांच्या नडगीवर बसला. पायाचे हाड मोडले. आवणी आम्हाला मजूर लावून करावी लागली. चुलते आता चालतात, पण बांध उतरताना काठी घेतात. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत.

या अपघाताला गाडीचे वय कारण झाले, असे भाऊ म्हणतो. मी म्हणतो, चार बोल्ट कारण झाले, आणि ते न पाहता रंगवणारा मी कारण झालो. बोल्टांची किंमत एका रंगाच्या डब्यापेक्षा कमी होती.

त्यानंतर तालुक्याच्या गावी एका वयस्क मिस्त्रींच्या हाताखाली मी सुटीचे दिवस घालवले. तेथे जे कळले ते थोडक्यात लिहितो, कारण ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना उपयोग होईल.

या जुन्या जीपच्या चारी चाकांच्या ब्रेकला तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने जाते. एका चाकाचा सिलिंडर गळू लागला तर हळूहळू चारी चाकांचा ब्रेक जातो. म्हणून 'एकाच चाकाला थोडे गळते' हे वाक्य या गाडीच्या बाबतीत बोलूच नये. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढून घेते; आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात ते दोन वर्षांनी तरी बदलले पाहिजे. दुसरे, हिचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. लांब टोचन करताना तो शाफ्ट सोडून ठेवतात. मग हँडब्रेक ओढून काहीच थांबत नाही, आणि उतारावर गाडी सोडून चहाला गेलेल्या माणसाला ते उशिरा कळते. चाकाखाली दगड लावावा, हे त्याचे उत्तर.

चारी चाके जोडण्याबद्दलही गैरसमज आहेत. या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फरक सांभाळणारी योजना नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडे घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर निघत नाही. मग ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरवर येतो. ऐट म्हणून डांबरी रस्त्यावर पुढची चाके जोडून फिरणारे आपल्याच गाडीचे आयुष्य खातात. लो गिअरमध्ये ओढ जवळजवळ अडीचपट होते. रुतलेली गाडी काढायला ही संथ ओढ हवी, हिसका नव्हे. ओढ्यातून गेल्यावर तापलेले हौजिंग गार पाण्यात आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. आतले तेल दुधासारखे दिसले की समजावे, पाणी शिरले. ते तेल बदलायला तास लागतो; न बदलल्यास बेअरिंग जातात.

आणि टोचन. दोर बंपरला कधीही बांधू नये; चेसीला पक्का धरलेल्या हुकालाच बांधावा. आधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढावा, दगड-फांद्या घालाव्यात, मग दोर हळू ताणावा. ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे दोर तुटला तरी त्याचा फटका कमी होतो. लोखंडी वायररोप तर तुटल्यावर कोणाचीही गय करीत नाही. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये, मदत करणाऱ्यानेही नाही. मागच्या गाडीची किल्ली काढू नये. नाहीतर स्टिअरिंगला कुलूप बसते. नव्या गाड्यांत इंजिन बंद असले की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे चालकाला आधी सांगावे. यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. आपल्याकडे टोचन म्हणजे पंचवीस माणसांनी गोळा होऊन एकदम ओरडण्याचा प्रसंग असतो. त्यात एकाने मुख्य व्हावे आणि बाकीच्यांनी लांब जावे, एवढेच हवे.

माझ्यावर दोन आक्षेप येतील. पहिला धुराचा. जुने डिझेल इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर सोडते, कितीही निगा राखली तरी. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, त्यामागे श्वासाचा प्रश्न होता. हा आक्षेप मला मान्य आहे. शहरात रोज फिरणाऱ्या गाडीला जो नियम लावावा तो लावावा. पण वर्षाकाठी थोडेच अंतर, तेही चिखलवाटेने चालणाऱ्या गाडीला भंगारात घालून तिच्या जागी कर्ज काढून नवी घेणे, हा आमच्यासारख्या घराला न पेलणारा उपाय आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा: निगा राखायलाही पैसे लागतात, गरिबाने ते कोठून आणायचे? याला माझे उत्तर कठोर आहे. ज्याला ब्रेक करून घेणे परवडत नाही, त्याला ती गाडी परवडत नाही. त्याने ती उभी करावी. कारण त्या गाडीत बसणाऱ्या शेजारणीला आणि तिच्या मुलाला ब्रेकची स्थिती माहीत नसते. ती आपल्या शब्दावर बसते.

सरकारकडे माझे मागणे इतकेच की, तपासणी पाच वर्षांनी एकदा नव्हे, जुन्या गाडीची दर वर्षी व्हावी, तालुक्याच्या गावी व्हावी, आणि त्यात रंग व दिवे पाहण्याआधी गाडी वर उचलून खालची बाजू पाहावी. शुल्क जास्त घेऊन गाडी सुरक्षित होत नाही. आणि आपण मालकांनी एक साधी वही ठेवावी: ग्रीस कधी दिले, तेल कधी बदलले, कोणता बोल्ट कधी पाहिला. मी ती सुरू केली आहे.

घरात मी असे मत दिले की, या वर्षी नव्या हुडाचे आणि सीट-कव्हरचे पैसे ब्रेकला घालावेत, पुढे-मागे चेसीला हुक बसवावेत, आणि हे झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये. झाले नाही तर भावाचे ऐकावे. वडिलांना ते आवडले नाही, पण त्यांनी मानले. सध्या जीप अंगणात लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, चारी चाके काढलेली. दूध शेजाऱ्यांच्या पिकअपमधून जाते आणि त्याचे भाडे द्यावे लागते. मागच्या दोन चाकांचे काम झाले आहे. पुढची दोन मी परीक्षा संपल्यावर करणार आहे. चुलते पाना हातात द्यायला बसणार आहेत.