ज्वारी दळली की शेतकरी संपला



तालुक्याच्या पेठेत ओरड चालू आहे. मोबाईलवरच्या खरेदीने दुकाने ओस पडली, सरकारने ऑनलाईन व्यापाराला लगाम घालावा. या मागणीखाली आमची सही मागू नये. उधारी देऊन कापूस आपल्याच काट्यावर घालायला लावणारी दुकानेही याच पेठेत आहेत. ज्याला जिथे स्वस्त मिळेल तिथे त्याने घ्यावे.

पण एक खरे. कापसाचा पैसा पूर्वी शिंपी, भांडीवाला, सायकलवाला असा चार हात फिरून पेठेतच राही. आता तो बोट दाबले की बंगळूरला जातो. मागे उरते पार्सल वाटणाऱ्या पोराची मजुरी. गेलेला पैसा परत यायचा तर येथून माल गेला पाहिजे. पार्सलची गाडी भरून येते आणि रिकामी जाते. का, ते सरकारला विचारा.

अक्कलकोटची एखादी शेतकरीण घ्या. घरची मालदांडी पोत्याने विकली तर कायद्याने ती शेतकरी. जीएसटीची नोंदणी नको. तीच ज्वारी दळली की ती व्यापारी! १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली, तीही तोकडी. उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीशिवाय ऑनलाईन विका, पण राज्यातच. म्हणजे लांबचे पुणे चालेल, शेजारचे कलबुर्गी नाही. तिथे घरोघर भाकरी थापतात, तरी ते परराज्य! नोंदणी केली तर १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पिशवीबंद पिठावर ५ टक्के कर, वर विवरणपत्रे. नोंदणी फुकट आहे म्हणतात. विवरणपत्र भरून देणारा फुकट भरतो काय?

उलट, परवानाधारक कंपन्यांना कीटकनाशके ऑनलाईन विकायची वाट २०२२ सालीच मोकळी झाली. कापसाचे तर विचारूच नका. कापूस महामंडळ गाठी ई-लिलावाने विकते, गिरण्या बसल्या जागी बोली लावतात. आम्हाला २०२५ साली ॲप मिळाले ते हमीभावाच्या रांगेत नाव घालायला!

जिल्हा मेळाव्यात ठराव एवढाच मांडावा : शेतकऱ्याने वा त्याच्या गटाने स्वतःच्या पिकापासून केलेले पीठ, डाळ, तेल ४० लाखांपर्यंत देशात कोठेही नोंदणीशिवाय विकता यावे. ऑनलाईन बंदीचा ठराव कोणी आणलाच, तर हात विरोधात वर करावा.